सुतक आपल्याले लागत नाही

सेक्टर ६, भिलाई
९ फेब्रुवारी २०२५

ताई,

पाया पडतो. तू म्हनत असशील, ह्या शकीनं संक्रांतीपासून एक ओळ लिहिली नाही, जिती आहे का मेली. जिती आहो माय, अन् बातमी अशी आहे का खाटीवर बसूनच वाच.

प्रफुल्ल आमाले मालदीवले नेऊन राहिला! हे डिसेंबरात रिटायर झाले, तवाच पोरानं हैदराबादवरून फोनवर म्हनलं होतं का बाबांनी सारी जिंदगी कोक ओव्हनच्या भट्टीपुढं धगीत काढली, आता त्याइले चांगल्या हवेत बसवतो. मले वाटलं, पचमढी-बिचमढी असन. तं हा म्हनते समुद्र. बेट. अन् बेटावर बी जमिनीवर नाही, पान्यावर खोली! समुद्रात खांब ठोकले, त्याच्यावर लाकडाच्या खोल्या. फर्शीत काच बसवली आहे, खालून मासोळ्या जाते त्या दिसते. मी म्हनलं, बाप्पा, पलंगावरून पाय खाली ठेवाची बी चोरी! उन्नती हसे हसे पुरे. सून चांगली आहे, पन माही हर गोष्ट तिले जोकच वाटते.

याइचं तं इचारूच नको. तोंडानं म्हनते, "फालतू खर्च," अन् सांजेले मार्केटात ज्याले त्याले थांबवून सांगते. काल नवी फुलपँट शिवाले टाकून आले. मी म्हनलं, समुद्रात फुलपँट घालून जाता का? तं म्हने, "मंग काय चड्डीवर फिरू, सुनेसमोर?"

मी प्रफुल्लले म्हनलं, मावशीले बी घे. तो म्हनते, आई, मावशीचा पासपोर्ट कुठं आहे? पासपोर्ट नाही तं नाही, पन मले ते बोचते. आई गेल्यावर माही वेनी घालाले तूच होती. तापात उशाशी तूच होती. अन् आता समुद्र मी एकलीनं पाहाचा.

२ मार्चले निघाचं आहे. त्याच्या आंधी शिवरात्रीले मी तुह्याकडे येतो, दोन दिवस राहतो. लोकल पकडली का आमगाव काही दूर नाही. तुह्या पोटाचं कसं आहे? सुशीलची निशा फोनवर म्हने, जेवन जात नाही. तुले फोनवर ऐकू येत नाही, अन् सुशीलच्या तोंडून निरोप म्हनजे अर्धा तोच खाऊन टाकते. भाऊजीचा सख्खा पुतन्या असून असा! म्हनून कागदावर इचारून राहिली. खरं खरं सांग.

तुही,
शकू


आमगाव
१५ फेब्रुवारी

शके,

पत्र खाटेवर बसूनच वाचले. मग सुशीलला दिले, मग निशाला दिले, मग शेजारच्या सुशीलाबाई आल्या, त्यांना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, चारी बाजूंनी खारे पाणी, मग प्यायला कुठून आणतात? मला सांगता आले नाही. इतकी वर्षे अंगणवाडीत पोरांना चित्र दाखवून जहाज शिकवले, मासा शिकवला, लाट शिकवली. एकाही पोराने हे विचारले नाही, सुशीलाबाईंनी विचारले. तू तिथे चौकशी करून ये.

पासपोर्टचे मनाला लावून घेऊ नको. मला देवरीच्या बसमध्ये उलटी होते, विमानात बसवून मी तुमचीच शोभा केली असती. जवायांना सांग, फुलपँटच बरी. आपल्याकडच्या पुरुषांचे पाय कोणाला दाखवण्यासारखे नसतात.

पोटाचे काही नाही. म्हातारपणी भूक कमी होते, त्याला निशा आजार म्हणते. गोंदियाला डॉक्टरकडे नेऊन आणले. त्याने गोळ्या दिल्या, मी खाते. संपला विषय.

शिवरात्रीला ये. आणि येताना दुर्ग स्टेशनवरचे काही विकत आणू नको, घरचे आण.

ताई


सेक्टर ६, भिलाई
२७ फेब्रुवारी

ताई,

हे सुतकातलं पत्र आहे, वाचून हात धुऊन घेजो.

जामुलचा भैय्याजी गेला. आठवते का? याइचा चुलत-चुलत भाऊ, सिमेंट फॅक्टरीत होता. ज्यानं प्रफुल्लच्या लग्नात मानाच्या टोपीवरून तमाशा केला अन् तवापासून आमच्या दारात पाय नाही ठेवला, तोच. सोमवारी चहा पेता पेता गेला. देवानं चांगलं मरन देल्लं, कोनाच्या हाताखाली राहिला नाही. मी मेलेल्या मानसाचं वाईट बोलत नाही. पन ताई, दहा दिवसाचं सुतक! भाऊकी!

याइनं तो फोन ठेवला अन् उभ्या उभ्या प्रफुल्लले लावला. "तारीख कॅन्सल." पोरगा म्हने, बाबा, तुम्ही तर त्यांच्याशी बोलत पण नव्हते. तं म्हनते, "बोलत नव्हतो, पन रगत एक आहे. मी भाऊकीतला मोठा. मीच सुतकात समुद्रावर मजा माराले गेलो, तं उद्या आपल्या खांद्याले कोन येईन?" मले कोनं इचारलं नाही. मी कढईत फोडनी टाकून राहिली होती. याइनं येऊन गॅस बंद केला, बस.

तवापासून बिनाफोडनीचं वरन अन् भात. याइनं दाढी सोडली, पलंग सोडला, खाली चटई टाकून झोपते. गोड नाही, तळलेलं नाही, देव्हाऱ्यावर कपडा. मासोळीशिवाय ज्याचा आयतवार जात नाही तो मानूस मुकाट्यानं वरन-भात गिळते. नेम म्हनजे नेम. शिफ्ट चुकली नाही तसं सुतक बी चुकत नाही.

अन् शिवरात्र बी गेली. सुतकाचं मानूस दुसऱ्याच्या घरी कसं जाईन, ते बी बिमार मानसाकडे? तुह्यासाठी बॅग भरून ठेवली होती, ते पलंगाखाली सरकवली. मले त्या भैय्याजीचा असा राग येते, अन् मेलेल्याचा राग येते म्हनून मंग माहाच राग येते.

प्रफुल्ल एप्रिलची तारीख पाहून राहिला. आता परत बदलली तं सगळं बुडते म्हने. तू कशी आहे ते लिही.

शकू


आमगाव
८ मार्च

शके,

हात धुतले. भैय्याजींवर रागावू नको. मेलेल्या माणसाला तारीख निवडता येत नाही, नाहीतर लोकांची सोय पाहूनच सगळे गेले असते.

अक्षर वाकडे आले आहे, त्याकडे लक्ष देऊ नको. चष्म्याची काडी तुटली, सुशील आज आणतो उद्या आणतो करतो.

सुतक फिटले म्हणून लगेच धावत येऊ नको. घराला रंग देणे चालू आहे. सगळे सामान अंगणात आहे, मी स्वतः सुशीलाबाईंकडे झोपते. तुला कुठे बसवू? मी लिहीन तेव्हा ये. तोवर भिंती वाळतील.

तू वरण-भात खाऊन बारीक झाली असशील तर बरेच आहे. समुद्रावर शोभशील.

ताई


सेक्टर ६, भिलाई
३ एप्रिल

ताई,

तू मले बनवून राहिली.

परवा निशाले फोन केला. सहज इचारलं, रंग कोनता देल्ला वं? मंग म्हने, "कसला रंग, मावशी?" अन् रडाले लागली. सुशीलनं तिच्या हातातून फोन घेतला, म्हने काही नाही मावशी, कांदा चिरून राहिली. सकाळी सात वाजता कांदा? मी काय दूध पेती पोरगी आहो?

इकडे प्रफुल्लनं २० एप्रिल पक्की केली. मी म्हनलं, मी येत नाही, तुमी जा. मंग जे व्हाचं तेच झालं. पोरगा नाराज, अन् हे पेपरात तोंड घालून बसले. मी म्हनलं, माह्या ताईले काही होऊन राहिलं, मले समजते. काही झालं तं? तं याइनं पेपर खाली ठेवला अन् म्हनलं, "काही होत नाही. अन् झालंच, तं सुतक आपल्याले लागत नाही."

ताई, मी हातातली परात खाली ठेवली. जामुलच्या भैय्याजीचं लागते अन् तुहं लागत नाही! मी म्हनलं, कोनं ठरवलं हे? तं म्हने, "मी थोडीच ठरवलं? लग्न झालेली पोरगी दुसऱ्या गोत्राची. बहिनीच्या नावानं एक आंघोळ केली का झालं." मानूस वाईट नाही तो. वाईट बोलला बी नाही. जसं आहे तसं सांगतलं. पन एक बालटी पानी, ताई! ज्यानं माह्या पोराच्या लग्नात घोड्यासमोर शिव्या देल्ल्या त्याच्यासाठी दहा दिवस, अन् तुह्यासाठी माह्या वाट्याले एक बालटी पानी!

मले खरं सांग. समुद्र गेला चुलीत. तू फक्त 'ये' म्हन. तू बोलावलं म्हनलं तं हे अडवत नाही. नाही बोलावलं तं मी कोनाच्या तोंडानं निघू? पोरानं एवढं केलं, त्याले काय सांगू? मले वाटते म्हनून? माह्या वाटन्यावर ह्या घरात कधी गाडी सुटली आहे का?

एक शब्द लिही. ये.

शकू


आमगाव
९ एप्रिल

शके,

तो शब्द लिहीत नाही.

रंगाचे खोटे बोलले, मान्य. पोटात गाठ होती. नागपूरला काढली, डॉक्टर म्हणाला काम झाले. तुला आधी सांगितले असते तर तू उशाशी येऊन रडत बसली असतीस. मला रडणारी माणसे चालत नाहीत. घरात एक निशा आहे, ती पुरे.

उद्या आम्ही नागपूरला निशाच्या माहेरी जात आहोत. तपासणीला रोज इथून जाणे होत नाही. पंचवीस तारखेनंतर परत येऊ. दाराला कुलूप असेल, उगीच लोकलचे तिकीट काढू नको.

आणि जवाई बोलले त्यात चूक काय? आई-बाप नव्हते, तुझे कन्यादान मी आणि तुझ्या भाऊजींनी केले. माझ्याच हाताने मी तुला त्यांच्या गोत्रात दिले. तेव्हा मांडवात मी आनंदाने रडत होते, असले हिशोब कोणाच्या डोक्यात असतात? दिले म्हणजे दिले. आता मीच उलटून, ही माझी आहे, असे कसे म्हणू? तुझ्यावर माझा हक्क नाही म्हणून तर तुला हुकूम करते आहे. जा. मोडलेली गोष्ट परत जुळून आली आहे, ती पुन्हा मोडू नको.

मला समुद्राचे मोठे पत्र पाहिजे. काटकसर करू नको.

ताई


मालदीव
२३ एप्रिल

ताई,

समुद्र पाह्यला वं! काय सांगू तुले. चित्रात निळा दाखवते ना, तसा नाही. काठाजवळ हिरवा, मंग नीळ घातलेल्या पान्यावानी, मंग दूर काळाभोर. विमानातून उतरलो तं बोटीत बसवलं. बोट अशी उडे का मी उन्नतीचा हात धरला तो सोडलाच नाही. खोली खरंच पान्यावर आहे. काचेतून मासोळ्या दिसते, पिवळ्या, पट्ट्यापट्ट्याच्या. पहिल्या दिवशी मी त्या काचेवर पाय देत नव्हती. आता तिथंच बसून वेनी घालतो.

सुशीलाबाईले सांगजो, समुद्राचंच पानी मशीनमधून काढून गोड करते. मी इचारलं. इथं आपल्या देशातले बी लोकं कामाले आहे, एक जन बिलासपूरचा निघाला! मी म्हनलं भिलाई, तं त्यानं मले खुर्ची आनून देल्ली.

काल मी पान्यात गेली. लुगडं खोचून, कंबरभर. बाकीच्या बाया कशा कपड्यात होत्या ते लिहीत नाही, तुह्या घरी सुशील पत्र वाचते. लाट आली तं मी पडली, नाकातोंडात खारं पानी, अन् मले असं हसू सुटलं का थांबेच ना. प्रफुल्लनं फोटो काढले. म्हने आई, तुला असं हसताना मी कधीच पाहिलं नाही. खरं आहे. मीच नाही पाह्यलं.

जेवन म्हनशील तं लाईनीनं मांडून ठेवते. मासोळ्याच किती प्रकारच्या! मी लाज सोडून खाऊन राहिली. पन याइचं काय झालं समजत नाही. तूच सांग, याइनं कधी मासोळी सोडली आहे का? इथं तोंडात घालत नाही. रोज दही अन् भात. कोरडा भात! एवढ्या मोठ्या हॉटेलात! पोरगा म्हनते बाबा काहीतरी घ्या, तं म्हने पोट ठीक नाही. काल सांजेले प्रफुल्लनं वाळूवर टेबल लावून केक मागवला होता, वर बाबाचं नाव. हे कापेच ना. म्हने शुगर आहे. याइले शुगर कधी झाली? समुद्र ओलांडताना? शेवटी मीच कापला, पोराचं तोंड उतरलं होतं म्हनून. मले असा राग आला याइचा.

पलंग एवढा मोठा का चार जन झोपते, तं हे खाली चादर टाकून झोपते. कंबर म्हने. दाढी बी केली नाही निघाल्यापासून. निघाच्या आदल्या सांजेले बाहेरून आले तं सरळ बाथरूममध्ये गेले अन् कपड्यासकट डोक्यावर पानी घेतलं, तवापासून असेच आहे. मी काल सर्वाइसमोर म्हनलं, "हे काय लावलं, भैय्याजी परत मेला का?" उन्नती अन् प्रफुल्ल हसले. याइनं माह्याकडे असं पाह्यलं, अन् उठून लाकडाच्या पुलावर जाऊन बसले. मी गेली मागं. म्हनलं, राग आला का? तं म्हने, "नाही. तू हास. तू हासत राहा." असं बोलनं मी याइच्या तोंडून आजवर ऐकलं नाही. मले बरं बी वाटलं अन् भेव बी वाटलं. रिटायर झाल्यावर मानसाचं असं होते काय वं?

ताई, पन एक सांगतो. मी हसली, पन हर गोष्टीले वाटे, हे ताईले कसं सांगू. मासोळीचा रंग कसा लिहू. तू म्हनलं होतं मोठं पत्र, म्हनून लिहून राहिली. इथून टाकलं तं कवा पोचन देव जाने, भिलाईले गेल्यावरच टाकतो. तवापर्यंत तू नागपूरवरून आली असशील. आल्या आल्या मी येतो. आता कोनाची परवानगी नाही पाह्यजे मले.

तुही शकू


सेक्टर ६, भिलाई
२७ एप्रिल

सुशील,

तुले नवल वाटन. फोन आहे, मंग पत्र कावून? तीनदा घराबाहेर जाऊन फोन लावला. तुहा आवाज आला का मी फोन कापून टाकतो. अन् घरी शकू असते. क्वार्टरात एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत ऐकू येते.

तिले अजून सांगतलं नाही. प्रफुल्लले बी नाही. १९ तारखेले सांजेले तुहा फोन आला का ताई गेली, तवा मी मार्केटात औषधाच्या दुकानासमोर होतो, प्रवासाच्या गोळ्या घेऊन राहिलो होतो. तू म्हनला, ताईनं शेवटी एकच सांगतलं, फक्त जवायाले सांगा, शकीले नाही, तिले समुद्र पाहून येऊ द्या. ताईनं शकूचा हात माह्या हातात देल्ला, त्याच्यानंतर माह्याकडे कधी काही मागतलं नाही. मी हो म्हनून बसलो. घरी आलो, नावाची आंघोळ केली. नेमानं तेवढंच आहे. म्हनलं, झालं.

पन झालं नाही रे. विमानात शिरा देल्ला, हात पुढं गेला नाही. तिथं गेल्यावर बी ठरवून काही केलं नाही मी. मासोळी समोर आली का गळ्यातून उतरे नाही. पलंगावर पाठ टेकवली का वाटे, ताई तिकडे गेली अन् मी गादीवर. म्हनून खाली झोपलो. साऱ्या भाऊकीले सुतकाचा नेम मी सांगतो, आता मलेच समजत नाही का मी हे कायचं पाळून राहिलो. ती तं हासे. मले म्हने, भैय्याजी परत मेला का.

सोबत तिचं पत्र आहे, ताईले लिहिलेलं. काल माह्या हातात देऊन म्हने, पोस्टात टाका. टाकवत नाही, फाडवत नाही. तूच ठेव.

रोज सकाळी ठरवतो, आज सांगतो. ती चहा आनून देते, अन् तिकडच्या गोष्टी सांगाले लागते. मंग दिवस जाते. दसव्याले मी येऊ शकत नाही, मले माफ कर. तेरवीले तिले घेऊन येतो. तिले म्हनलं आहे, ताई नागपूरवरून आली, भेटाले चाल. ती ताईसाठी मुगाचे लाडू करून राहिली, पोटाले हलके म्हनून. मी बाजूले बसून पाहतो.

गाडीत सांगीन म्हनतो, पन मले माहीत आहे, सांगनार नाही. तू असं कर. मांडव दारात घालू नको, मागच्या अंगनात घाल. फोटो आतल्या खोलीत ठेव. निशाले दारात उभी कर, बाई मानसानं सांगतलं तं बरं राहीन. मी भट्टीच्या दारासमोर नोकरी केली, कधी पाय मागं घेतला नाही. पन इथं मले काहीच सुचत नाही बापा.

केवलराम


आमगाव
४ मे

प्रफुल्लचे बाबा,

सुशीलनं तुमचं पत्र मले देल्लं. त्याच्यातच माहं बी होतं. ते ताईनं वाचलं नाही.

तुमी मांडव मागं घालाले सांगतला, फोटो आत ठेवाले सांगतला. सगळं केलं त्याइनं. पन सुशीलचं डोस्कं कुठं लपवनार होते? मी फाटकापासून ताईले जोऱ्यानं आवाज देत गेली, तिले ऐकू येत नाही म्हनून. अन् आतून सुशील आला, मुंडन केलेला. मी त्याले इचारलं, "कोन गेलं रे?" असं इचारलं मी! मले वाटलं, त्याच्या भाऊकीतलं कोनी असन. निशा दारात उभी होती, ते तोंडात पदर घालून तशीच. मंग मी मागं वळून तुमच्याकडे पाह्यलं. तुमी खाली मान घालून चपला काढून राहिले होते. तवा मले समजलं.

तेरवीच्या दिवशी लोकं होते, मी काही बोलली नाही. तुमी बी संध्याकाळच्या गाडीनं निघून गेले. आता बोलतो.

इथं सगळे तुमचं नाव घेते. सुशील म्हनते, मावसाजीनं लागत नसून सुतक पाळलं. बाया म्हनते, असा जवाई भेटाले नशीब पाह्यजे. मी ऐकतो अन् मले ओरडावं वाटते. ते माहं होतं! ताई माही होती! तुमी कोरडा भात खाल्ला, अन् मी मासोळ्या खाल्ल्या. तुमी खाली झोपले, मी त्या मोठ्या पलंगावर. केक मी कापला. २० तारखेले सकाळी इकडे तिले नेलं, तवा मी विमानाच्या खिडकीत तोंड घालून ढगं पाहून राहिली होती. तुमी बाजूले बसले होते, तुमाले माहीत होतं. माह्या वाट्याची ते एक बालटी पानी बी मले नाही भेटली. तुमीच घेतलं ते, कपड्यासकट.

भैय्याजीच्या वक्ती तुमी माहा गॅस बंद केला, तवा मले इचारलं नाही. ताईच्या वक्ती चालू ठेवला, तवा बी इचारलं नाही. ताईनं सांगतलं म्हनता. सांगतलंच असन, मी तिले ओळखतो. निशा म्हनते, शेवटचे दिवस ती एकच इचारे, "वीस तारीख झाली का? शकी निघाली का?" नागपूर-बिगपूर काही नव्हतं. ह्याच घरात, ह्याच खाटीवर होती. तिले वाटे, आपन आंधी गेलो तं शकीचं जानं मोडन. थांबून पाह्यलं तिनं. एका दिवसासाठी राहिलं.

तिनं माहं भलं पाह्यलं. तुमी तिचा शब्द राखला. प्रफुल्लनं आईबापाले सुख देल्लं. सगळे चांगले. मी कोनावर चिडू ते सांगा. कोनी एक जन वाईट असता तं मी त्याच्या दारात जाऊन भांडली असती, मोकळी झाली असती. तुमी एक बी जागा ठेवली नाही माह्यासाठी.

आता ऐका. मी लवकर येत नाही. मले ज्या दिवशी समजलं त्या दिवसापासून मी सुतक धरलं आहे. बाया म्हनते, तेरवी झाली, घर शुद्ध झालं, आता तू कायचं धरून बसली? तुले तं लागतच नाही. ताईच्या खोलीत खाली झोपतो. निशा बिनाफोडनीचं वरन ठेवून जाते.

मले घ्याले येऊ नका. येनं होईन तवा मीच लोकलनं येईन. तुमी दाढी करून टाका अन् नीट जेवत जा. तुमचं पाळून झालं.

काल प्रफुल्लचा फोन आला होता, त्याले अजून बी कोनी सांगतलं नाही. म्हने, आई, फोटो खूप छान आले, पाठवतो. मी फोन निशाले देल्ला. तुमी त्याले सांगा, पाठवू नको. सगळ्यात मी हसून राहिली आहो.

शकू